मदेरा बेटावरील मार्गदर्शित पदभ्रमण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मदेरा बेटाच्या डोंगरांत आणि जंगलांत स्थानिक मार्गदर्शकाबरोबर लहान गटाने एक दिवस चालण्याचा विचार करणाऱ्यांना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे मुद्दाम सविस्तर आहेत, कारण त्या प्रश्नांकडे दुर्लक्ष केले तर दिवस वाया जातो किंवा अंगाशी येतो.

हे बेट कसे आहे आणि तेथील चालणे वेगळे का मानतात?

मदेरा हे अटलांटिक महासागरातील ज्वालामुखीजन्य बेट असून तो पोर्तुगालचा स्वायत्त प्रदेश आहे. बेटाची लांबी सुमारे ५७ किलोमीटर आणि क्षेत्रफळ साधारण ७४१ चौरस किलोमीटर आहे. एवढ्याशा जागेत पिको रुइवो हे सर्वोच्च शिखर १,८६२ मीटरपर्यंत चढलेले आहे, त्यामुळे सपाट जमीन अशी फारशी उरलेलीच नाही. जी आहे ती प्रामुख्याने पश्चिमेकडील पाउल दा सेरा या उंच पठारावर. बाकी सारे कडे, अरुंद धारा आणि खोल घळी.

ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे या डोंगरांना अडून वर चढतात, थंड होतात आणि उत्तर उतारावर ढगांचा एक पट्टा कायमचा मुक्कामाला असतो. त्यामुळे उत्तरेच्या उंच भागात वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर दक्षिण किनाऱ्यावरील फुंशाल या राजधानीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही पडत नाही. सकाळी हॉटेलच्या सज्जात ऊन खात असलेला माणूस तासाभराच्या प्रवासानंतर दाट धुक्यात उभा असतो, आणि आणखी तीनशे मीटर चढला की ढग पायाखाली राहून पुन्हा लख्ख ऊन लागते. पुढील बहुतेक उत्तरे या एका गोष्टीवर अवलंबून आहेत.

लेवादा म्हणजे काय?

लेवादा म्हणजे डोंगराच्या अंगाने अगदी हलका उतार देऊन नेलेला पाण्याचा पाट. पंधराव्या शतकात पोर्तुगीज वसाहत झाल्यावर दक्षिणेकडे उसाची लागवड वाढली, पण पाणी होते उत्तरेकडे आणि डोंगरांच्या पोटात. ते पाणी शेतांपर्यंत आणण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या हे पाट खोदले गेले, कित्येक ठिकाणी कड्यावरून दोराने लोंबकळत. १९४० च्या दशकापासून सरकारने मोठे पाट आणि बोगदे हाती घेतले आणि १९५० च्या दशकापासून त्याच पाण्यावर वीजनिर्मितीही होऊ लागली. आज या जाळ्याची लांबी ८०० किलोमीटरहून अधिक मानली जाते.

पाटाची देखभाल करणाऱ्याला ‘लेवादेइरो’ म्हणतात. पाटात साचलेला पालापाचोळा काढणे, दरडीने फुटलेला काठ सांधणे आणि ठरलेल्या पाळीप्रमाणे शेतकऱ्यांना पाणी सोडणे ही त्याची कामे. त्याला जाता यावे म्हणून पाटाच्या कडेने जी पाऊलवाट ठेवलेली असते, तीच आज पर्यटकांची वाट झाली आहे. म्हणजेच ही वाट मुळात कामाची आहे, सहलीसाठी बांधलेली नाही; तिची अरुंद रुंदी, तिच्यावरचे ठिबकते बोगदे आणि कठड्याचा अभाव यांचे कारण हेच. वाटेत लेवादेइरो काम करताना दिसला तर थांबून त्याला आधी जाऊ द्यावे.

वाटांवर खुणा आणि फलक आहेत, मग मार्गदर्शक कशासाठी?

अधिकृत वाटांना ‘पीआर’ आणि क्रमांक अशी ओळख दिलेली असून पिवळ्या व तांबड्या पट्ट्यांच्या खुणा जागोजाग आहेत. पाटाच्या कडेने चालणारा माणूस रस्ता चुकणे तसे कठीणच. केवळ वाट सापडावी म्हणून मार्गदर्शक घ्यावा, असे आम्ही म्हणणार नाही.

मार्गदर्शकाची खरी किंमत सकाळी सात वाजता कळते. उत्तरेकडे रात्रभर पाऊस झाला असेल तर कोणत्या घळीत दरड कोसळण्याची शक्यता आहे, वारा ईशान्येऐवजी दुसरीकडून वाहत असेल तर आज कोणता उतार कोरडा राहील, आणि शिखरावरचा ढग दहापर्यंत विरेल की दिवसभर बसेल, हे अंदाज बेटावर वर्षानुवर्षे चालणाऱ्याच माणसाला येतात. हवामानाच्या अॅपमधील आकडा बहुधा फुंशालचा किंवा सर्वसाधारण असतो. वाट मात्र त्यापासून हजार मीटर वर असते. कार्यक्रमात एका वाटेचे नाव छापलेले असताना चांगला मार्गदर्शक दुसरीकडे घेऊन जातो आणि तसे का केले हे स्पष्ट सांगतो. ज्या आयोजकाच्या अटींत असा बदल करण्याची मुभाच नाही, त्याच्याकडे नोंदणी करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

दुसरे कारण वाहनाचे. अनेक सुंदर वाटा एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जातात. रिबेइरो फ्रिओपासून पोर्तेलापर्यंतची लेवादा दो फुरादो सुमारे ११ किलोमीटरची आहे, आणि स्वतःची गाडी घेऊन गेलेल्याला तेवढेच अंतर परत चालावे लागते किंवा टॅक्सी शोधावी लागते. गटाची गाडी मात्र दुसऱ्या टोकाला उभी असते.

तिसरे कारण नजरेचे, त्याबद्दल जंगलाच्या प्रश्नात लिहिले आहे.

‘लहान गट’ म्हणजे नेमके किती लोक?

आठ ते बारा. याला लहान गट म्हणावे, त्यापुढे नाही. पाटाकाठची वाट कित्येक ठिकाणी अर्ध्या मीटरची असते, लोक एकामागोमाग एक चालतात, आणि समोरून दुसरा गट आला की कोणीतरी पाटाच्या काठावर किंवा डोंगराला टेकून उभे राहावे लागते. पंचवीस जणांची रांग अशा वाटेवर शंभर मीटर लांबते. पुढच्याला मार्गदर्शकाने दाखवलेला पक्षी मागच्यापर्यंत पोहोचेस्तोवर उडून गेलेला असतो, आणि मागे कोणाचा पाय घसरला तर पुढे कळतही नाही. शिवाय वाट बदलायची झाली तर एका छोट्या गाडीतील लोकांना दुसरीकडे नेणे सोपे असते, बस भरून आलेल्यांना नव्हे.

नोंदणी करताना ‘कमाल संख्या किती आणि त्यामागे मार्गदर्शक किती’ असे थेट विचारावे. ‘लहान गट’ हे शब्द जाहिरातीत कोणीही वापरू शकतो.

कोणती वाट निवडावी?

पहिल्यांदा जाणाऱ्याला बहुतेक जण राबासालमधील ‘पंचवीस झरे’ ही वाट सुचवतात. वाट देखणी आहे, जंगल घनदाट आहे, आणि शेवटी कड्यावरून अनेक धारांनी पाणी डोहात उतरते. तिची प्रसिद्धी हाच तिचा दोष: सकाळी दहानंतर अरुंद भागात अक्षरशः खोळंबा होतो. पहाटे निघणारा गट असेल तरच ती घ्यावी. मुख्य रस्त्यापासून राबासालच्या वनगृहापर्यंत खाजगी गाड्यांना प्रवेश नाही. तेवढे अंतर चालत जावे लागते किंवा तेथील छोट्या वाहनाने.

त्याहून अधिक परिपूर्ण दिवस आमच्या मते केइमादासहून काल्देराओ व्हेर्देकडे जाणाऱ्या वाटेवर मिळतो. जाऊन येऊन सुमारे १३ किलोमीटर अंतर, चढ नगण्य, वाटेत अंधारे बोगदे, उजवीकडे दरी आणि अखेरीस साधारण शंभर मीटर उंचीचा धबधबा. मात्र उंचीची भीती असलेल्यांनी पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय ही वाट ठरवू नये.

शिखरांची ओढ असणाऱ्यांना पिको दो अरिएरो (१,८१८ मीटर) ते पिको रुइवो ही धारेवरची वाट खुणावते. पायऱ्या, बोगदे आणि दोन्ही बाजूंना खोल दऱ्या असलेली ही वाट अंतराने छोटी पण दमवणारी आहे. २०२४ च्या ऑगस्टमधील वणव्यानंतर ती बंद ठेवावी लागली होती, आणि दरडींमुळेही तिचे काही भाग अधूनमधून बंद होतात. म्हणून ती त्या दिवशी कुठपर्यंत खुली आहे हे आयोजकाकडून लेखी विचारून घ्यावे. पिको रुइवोचा माथाच गाठायचा असेल तर आशादा दो तेइशेइराहून सुमारे २.८ किलोमीटरची सोपी, फरसबंद वाट आहे, आणि तिचा उल्लेख जाहिरातींत उगीचच कमी होतो.

पूर्वेचे साओ लोरेन्सोचे भूशिर हा अगदी निराळा प्रकार आहे. तेथे झाड नाही, सावली नाही. तांबड्या-पिवळ्या खडकांचे थर, वारा आणि दोन्ही बाजूंना समुद्र. उत्तर भिजत असते तेव्हा मार्गदर्शक बऱ्याचदा येथे आणतात.

मला उंचीची भीती वाटते. मी यावे का?

या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देणारा आयोजक तुमचा विचार करत नाही. लेवादांच्या बाबतीत अडचण चढाची नसते, कारण पाट जवळपास सपाटच असतो. अडचण असते ती एका बाजूच्या दरीची, आणि तीही तासन्‌तास सोबत करणाऱ्या. धोक्याच्या टप्प्यांवर लोखंडी खांब आणि तारा लावलेल्या आहेत, पण त्या सलग नाहीत. दरडीने एखादा खांब वाकलेला किंवा तार सैल झालेली असू शकते. तारेचा उपयोग मनाला आधार म्हणून करावा, तिच्यावर भार टाकू नये.

स्वतःला काही साधे प्रश्न विचारून पाहावेत. उंच इमारतीच्या गच्चीवरून कठड्याला हात लावून खाली पाहता येते का? कठड्यावाचूनच्या जिन्याने सामान हातात घेऊन उतरता येते का? समोरून माणूस आला तर दरीच्या बाजूला स्थिर उभे राहता येते का? पहिल्याच प्रश्नाला उत्तर नाही असेल तर दरीकाठचा पाट टाळावा. पहिल्याला हो आणि तिसऱ्याला नाही असेल तर मार्गदर्शकाला आधी सांगावे. तो तुम्हाला रांगेत स्वतःच्या मागे ठेवतो, अवघड वळणावर आतल्या बाजूने पाटाच्या काठावरून नेतो आणि समोरच्या गटाला थांबवतो. लहान गटात हे शक्य होते.

भीती खरोखर तीव्र असेल, तर रिबेइरो फ्रिओहून बाल्कोइंशच्या सज्जापर्यंतची जेमतेम दीड किलोमीटरची रुंद, सपाट वाट किंवा फनालचे पठार असे पर्याय आहेत. ते कमी दर्जाचे मुळीच नाहीत. फनालची वाकड्या बुंध्यांची, शेवाळाने मढलेली ‘तिल’ नावाच्या स्थानिक वृक्षाची (तिळाशी संबंध नाही) जुनी झाडे धुक्यात पाहण्यासाठी छायाचित्रकार जगभरातून येतात.

एक मात्र आवर्जून सांगायला हवे: ही गोष्ट वाटेवर पोहोचल्यानंतर लपवू नये. अर्ध्या वाटेत पाय थिजले तर परतीची वाटही तीच असते.

किती तंदुरुस्ती लागते? मुले आणि ज्येष्ठ नागरिक येऊ शकतात का?

सपाट रस्त्यावर न थकता दहा-बारा किलोमीटर चालणाऱ्याला बहुतेक लेवादा जमतात. शिखरांच्या वाटांना मात्र गुडघे शाबूत हवेत, कारण तेथील असमान पायऱ्या चढताना जेवढ्या त्रास देत नाहीत तेवढ्या उतरताना देतात. १,८६२ मीटर ही उंची विरळ हवेचा त्रास होण्याइतकी नाही. हात धरून चालवावे लागेल अशा वयाच्या मुलांना दरीकाठी नेऊ नये, कारण तेथे दोघांना शेजारी शेजारी चालण्याइतकी रुंदीच नसते. वयाची वरची मर्यादा सहसा नसते. तोल सांभाळता येणे महत्त्वाचे.

कोणत्या महिन्यात जावे?

बाराही महिने चालता येते. एप्रिल ते जून फुलांचा काळ असून निळ्या तुऱ्यांची मदेराची एकियम झुडपे तेव्हा बहरलेली असतात. जूनच्या सुमारास फुंशालवर दिवसचे दिवस ढगांचे झाकण बसते, ज्याला स्थानिक लोक ‘कापासेते’, म्हणजे शिरस्त्राण, म्हणतात. त्या दिवसांत शहरात राहून हिरमुसण्याऐवजी शिखरे गाठावीत, कारण वर स्वच्छ ऊन असते. ऑक्टोबर ते मार्च पावसाचा काळ. धबधबे तेव्हा जोमात असतात, पण वाटा बंद होण्याचे प्रमाणही वाढते. फेब्रुवारी २०१० मध्ये अतिवृष्टीने आलेल्या पुरात आणि दरडींत चाळीसहून अधिक माणसे दगावली होती. त्यामुळे तेथील प्रशासन धोक्याचा इशारा देते, तेव्हा मार्गदर्शकाशी वाद घालू नये.

उन्हाळ्यात कधीकधी आफ्रिकेकडून ‘लेश्ते’ हा कोरडा, धुळीचा वारा येतो. तेव्हा नेहमीचा नियम उलटतो: किनाऱ्यापेक्षा डोंगरावर अधिक उकडते आणि वणव्याचा धोका वाढतो.

सोबत काय घ्यावे?

चांगली पकड असलेले, आधी वापरून रुळलेले बूट सर्वांत महत्त्वाचे. शेवाळलेल्या दगडावर शहरी बूट काहीच कामाचे नाहीत. डोक्याला बांधायचा टॉर्च हवा, मोबाइलचा प्रकाश नव्हे, कारण बोगद्यात एक हात भिंतीला लावावा लागतो आणि छत इतके खाली असते की वाकूनच जावे लागते. पाऊस अडवणारे जाकीट, एक उबदार थर, टोपी, दीड लिटर पाणी आणि कोरडे मोजे एवढे पुरे. छत्री आणू नये, ती अरुंद वाटेवर इतरांच्या डोळ्यांशी येते. चालण्याच्या काठ्या शिखरांवर उपयोगी पडतात, पाटाकाठी अडचणच करतात.

पाटातील पाणी स्वच्छ दिसले तरी पिऊ नये.

जंगलात काय पाहायला मिळते? साप किंवा हिंस्र प्राणी आहेत का?

बेटावर साप नाहीत आणि हिंस्र वन्यप्राणीही नाहीत. अंगावर चढण्याची शक्यता असलीच तर ती तेथील छोट्या सरड्याची, जो शिखरांवर बसलेल्या लोकांच्या डब्यांभोवती निर्धास्त फिरतो.

जंगल मात्र असामान्य आहे. लॉरिसिल्व्हा म्हणून ओळखले जाणारे हे सदाहरित वन लक्षावधी वर्षांपूर्वी दक्षिण युरोपभर पसरलेल्या वनांचा अवशेष आहे. तिकडे हवामान बदलत गेले तशी ती वने नाहीशी झाली. समुद्राने वेढलेल्या या बेटावर ती टिकली. सुमारे १५,००० हेक्टरांचा हा पट्टा १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिल, विन्यातिको, बार्बुसानो आणि लॉरेल हे येथील मुख्य वृक्ष. तिलचे लाकूड ताजे कापले की त्याला दुर्गंधी येते, हे मार्गदर्शक हटकून सांगतात. या झाडांची पाने ढगातील बाष्प अडवतात, ते थेंबाथेंबाने जमिनीत मुरते, झऱ्यांतून बाहेर येते आणि लेवादांत वाहते. जंगल गेले तर पाटही कोरडे पडतील, इतका हा संबंध सरळ आहे.

येथे नजरेचा मुद्दा येतो. फक्त मदेरावर आढळणारे त्रोकाज कबुतर उंच फांद्यांत गप्प बसलेले असते आणि पंखांचा जोरदार फडफडाट करून निघून जाते. ते बसलेले असताना दाखवायला सरावलेला डोळा लागतो. मदेराचा फायरक्रेस्ट हा चिमुकला पक्षी तर आधी ऐकूच येतो, मग कधीतरी दिसतो. झिनोचा पेट्रेल हा समुद्रपक्षी अरिएरोच्या परिसरातील दुर्गम कंगोऱ्यांवर बिळे करून राहतो आणि रात्रीच जमिनीवर येतो. तो नामशेष झाल्याचे मानले जात होते. १९६९ मध्ये त्याचा पुन्हा शोध लागला, आणि आजही त्याच्या प्रजनन करणाऱ्या जोड्या शंभराहून कमी असल्याचे मानले जाते. दिवसाच्या सहलीत तो दिसणार नाही. तो दाखवण्याची हमी कोणी दिली तर संशय घ्यावा.

चॅफिंच पक्षी मात्र बाल्कोइंशला तळहातावर येऊन बसतात. त्यांना पाव भरवू नये, त्यांच्या दृष्टीने ते चांगले नाही.

शुल्क, नियम आणि विमा यांचे काय?

अनेक अधिकृत वाटांसाठी बेटावर न राहणाऱ्यांकडून काही युरोंचे शुल्क घेतले जाते. ते ऑनलाइन भरावे लागते आणि नाक्यावर त्याची पावती मागितली जाते. ते सहलीच्या रकमेत धरले आहे की वेगळे, हे नोंदणीच्या वेळी विचारावे. वाटांची देखरेख वने व निसर्गसंवर्धनाची प्रादेशिक संस्था करते आणि खुल्या-बंद वाटांची यादी जाहीर होते. बंद वाटेवर जाणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय तशा अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. तंबू ठोकण्यासाठी परवाना लागतो आणि ड्रोनबाबत आधी परवानगीची चौकशी करावी.

पोर्तुगालच्या कायद्यानुसार असे साहसी कार्यक्रम व्यवसाय म्हणून चालवणाऱ्यांची अधिकृत नोंदणी असणे आणि सहभागींसाठी अपघात व दायित्व विमा असणे आवश्यक आहे. नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच करू नये. तरीही डोंगरातील बचावकार्याचा समावेश असलेला स्वतःचा प्रवासविमा घ्यावा. आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे. खोल घळींत आणि बोगद्यांत मोबाइलला रेंज नसते, हे धरूनच चालावे. भारतीय पारपत्रधारकांना मदेरासाठी शेंगेन व्हिसा लागतो.

जेवण आणि स्वच्छतागृहे?

डबा स्वतःचा असावा. वाटेवर दुकान नसते. शाकाहारी असल्यास आयोजकाला आदल्या दिवशी कळवावे, अन्यथा हाती येणाऱ्या पावात बहुधा मासा किंवा मांस असते. स्वच्छतागृहे वाटेच्या सुरुवातीलाच असतात.

हवामान बिघडले तर पैसे परत मिळतात का?

आयोजकाने स्वतः रद्द केल्यास परतावा किंवा दुसरा दिवस मिळायला हवा. वाट बदलली तर परतावा मिळत नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये, कारण हा बदल हाच त्या सेवेचा भाग आहे. केवळ ढग आहेत म्हणून तुम्हीच आला नाहीत तर पैसे गेले.

मुक्कामातील कोणता दिवस यासाठी ठेवावा?

पहिला नको आणि शेवटचाही नको. मदेराचा विमानतळ समुद्रकाठी असून तेथे आडव्या वाऱ्यांसाठी कडक मर्यादा आहेत. विमाने उतरू न शकल्याने शेजारच्या पोर्तो सांतो बेटाकडे किंवा लिस्बनकडे वळवली जातात, त्यामुळे पोहोचण्याचा दिवसही हातचा धरता येत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसाची नोंदणी करून त्यानंतरचे दोन दिवस मोकळे ठेवले, तर मार्गदर्शकाचा ‘आज नको, परवा जाऊ’ असा निरोप आला तरी काही बिघडत नाही.